चर्चमधला रॉक शो: लेकीला पाठवू का, आणि गेलो तर बसायचं कुठं

ताई, प्रश्न वाचला. लेकीला तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीने शनिवारी संध्याकाळी त्यांच्या चर्चमधे ख्रिस्ती रॉक बँड ऐकायला बोलावलंय, लेकीचा पाय जमिनीवर नाही, सासूबाई म्हणतात पोरीला बाटवतील, आणि तुम्हाला कळेना की हा गाण्याचा कार्यक्रम आहे का प्रार्थना. मी साताऱ्याचाच, जन्माने ख्रिस्ती, आमच्या चर्चच्या तरुण संघात वीसेक वर्षं बेस गिटार वाजवलं, आता बोटं आखडतात म्हणून साउंडच्या टेबलावर बसतो. तर जेवढं माहितीये तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, हे दोन्ही आहे, आणि गोंधळ होतो तो इथंच. तुम्ही कीर्तन ऐकलंय ना, पूर्वरंग असतो मग उत्तररंग, तसंच धरा. सुरुवातीची तीन-चार गाणी दणक्यात, ड्रम, दोन गिटार, पोरं उभी राहून उड्या मारतात, टाळ्या शिट्ट्या सगळं चालतं. मग एका ठिकाणी दिवे कमी होतात, ड्रमवाला थांबतो, कीबोर्डवाला एकच सूर धरून बसतो आणि आजूबाजूची माणसं डोळे मिटून हात वर करतात, कोणी रडतं पण. तिथून पुढं ती प्रार्थना झाली बरं का. तुम्ही डोळे उघडे ठेवा, बसून रहा, काही बिघडत नाही, फक्त तेव्हा मोबाईल वर करून शूटिंग करू नका, दुसऱ्याच्या देवघरात शिरून फोटो काढल्यासारखं वाटतं ते.

त्यानंतर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, किंवा बँडमधलाच एखादा दहा-वीस मिनिटं बोलतो. आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी म्हणतात, ज्यांना प्रभूला जीवन द्यायचंय किंवा ज्यांच्यासाठी प्रार्थना करायचीय त्यांनी पुढं या. सासूबाईंना भीती आहे ती ह्या पाच मिनिटांची. खरं सांगतो, मागं हळू संगीत चालू असतं, अंधार असतो, वय सतरा असतं, बाजूची मैत्रीण उठून जाते, तर पोरीला उठावंसं वाटू शकतं, आणि मला स्वतःला हे असं सूर लावून बोलावणं फारसं आवडत नाही, आमच्या वडील मंडळात, म्हणजे चर्च चालवणाऱ्या जाणत्या माणसांत, यावरनं माझी भांडणं झालीयेत. पण पुढं गेलं म्हणजे कोणी ख्रिस्ती होत नाही. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, झालं. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात घ्यायचा विधी, ही वेगळी गोष्ट, आमच्यात त्याच्या आधी कितीतरी दिवस शिकवणीचे वर्ग असतात. तरीपण लेकीला घरनं निघतानाच सांगून ठेवा, पुढं बोलावलं तर जागेवर बसून रहायचं, आणि कुणी फॉर्म दिला, नाव-नंबर मागितला तर नको म्हणायचं. नको म्हटल्यावर जो आग्रह करेल त्याच्या चर्चमधे परत जाऊ नका, हे मी ख्रिस्ती असून सांगतोय.

अर्पणाची, म्हणजे दानाची, थैली फिरेल. पाहुण्यांनी टाकायलाच पाहिजे असं नाही, पुढच्याला द्यायची. भाकर आणि द्राक्षरस वाटायला लागले तर ते प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी, ते घेऊ नका, रॉक शोमधे सहसा नसतंच.

आता सासूबाईंचा दुसरा मुद्दा, देवळात असली धांगडधिंगा गाणी कशाला. हे आमच्यातल्या म्हाताऱ्यांनीही म्हटलंय, अमेरिकेतपण म्हटलंय. तिकडं लॅरी नॉर्मन नावाच्या केस वाढवलेल्या पोराने 1969 साली येशूवर रॉक गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा बऱ्याच चर्चवाल्यांना तो पटला नाही, आणि रॉकवाल्यांना तो फारच देवभोळा वाटला. मग 1972 च्या सुमाराला पेट्रा बँड आला, ऐंशीच्या दशकात स्ट्रायपर, पिवळे-काळे पट्टे घातलेले, स्टेजवरनं पब्लिकमधे नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, फेकायचे. म्हणजे छापील पुस्तकं, फुलं फेकावीत तशी.

पण मला यात नवल वाटत नाही, कारण आपल्या मराठी मुलखातच हे आधी होऊन गेलंय. कवी रेव्हरंड टिळक, नारायण वामन, यांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि मग येशूला अभंगात ओवीत बसवला, ख्रिस्ती कीर्तनं केली. विलायती चालींवर मराठी शब्द चिकटवून गाणाऱ्या मंडळीत टाळ-मृदंग म्हणजे तेव्हा धक्काच असणार. शेवटी 1917 मधे मिशनची नोकरी सोडून ते इथं साताऱ्यात येऊन राहिले, देवाचा दरबार नावाने येशूभक्तांचा मेळा सुरू केला, आणि 1919 ला गेले. आज आमच्या आज्या तीच भजनं पेटीवर डोळे मिटून म्हणतात आणि नातवाच्या गिटारीला नाक मुरडतात. चालायचंच.

उलट माझी तक्रार वेगळी आहे. परदेशी चालीवर मराठी शब्द टाकतात ना, तेव्हा ऱ्हस्व दीर्घाची वाट लागते, प्रभू चा प्र ताणला जातो आणि भू गिळला जातो. शिवाय मूळ गायकाचा आवाज उंच, पट्टी तीच ठेवतात, मग दुसऱ्या कडव्याला महिला मंडळ गप्प. दोन सूर खाली घ्या म्हटलं तर गिटारवाली पोरं म्हणतात अंकल फील जातो. फील कुणाचा जातो तेच बघतोय मी.

आता बसायचं कुठं, हे महत्त्वाचं, आणि कोणी सांगत नाही. जुनं दगडी चर्च असेल तर उंच छत, फरशी, उघड्या भिंती, आवाज आत घुमत रहातो. असली इमारत बांधली ती संथ भजनासाठी, त्याला ते घुमणं शोभतं. ड्रमला नाही. एका ठोक्याचा आवाज विरायच्या आत पुढचे चार पडतात आणि सगळा काला होतो, शब्द कळत नाहीत, मग गाणारा म्हणतो आवाज वाढव, मी वाढवतो, अजून काला. म्हणून अगदी पुढं बसू नका, स्पीकरसमोर तर नाहीच, आणि पार मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथं बेस साचतो. मधोमध, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ बसा. त्याला जे ऐकू येतं तेच तो नीट लावतो, साधा हिशोब आहे.

कानाचं पण बघा. 85 डेसिबलला आठ तास चालतात असं अमेरिकेतल्या कामगारांसाठीचा मापदंड सांगतो, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. लहान हॉलमधे खरा ड्रम वाजला की 100 गाठायला वेळ लागत नाही. मेडिकलमधे फोमचे इअरप्लग मिळतात, पिळून बारीक करायचे, कानात घालून फुगेपर्यंत बोटाने धरायचे. माझ्या उजव्या कानात रात्री शिट्टी वाजते, ती फुकट मिळालेली नाही.

एकदा आमच्याकडे काय झालं, पावसाळ्यात, भिंती ओल्या, अर्थिंग नीट नव्हतं, गाणाऱ्या पोराने गिटार धरून माईकला ओठ लावले आणि असा झटका बसला की पोरगा मटकन खाली. लोकांना वाटलं पवित्र आत्मा अंगात उतरला, दोन बायकांनी हालेलुया, म्हणजे देवाची स्तुती असो, म्हटलं. मी धावत जाऊन मेन बंद केला. पोरगं बरं होतं, नुसतं हबकलं, पण तेव्हापासून टेस्टर घेऊन सगळे पॉईंट तपासल्याशिवाय मी कुणाला स्टेजवर चढू देत नाही. आणि कोणाला सांगू नका, पण ते हालेलुया आठवलं की मला अजून हसू येतं.

कपडे साधेच, पायात चपला घालून आत जातात बहुतेक ठिकाणी, पण दाराशी चपला दिसल्या तर काढा. बांधीव हॉलमधे कार्यक्रम असला तरी आम्ही दहाच्या आत आवरतो, शेजारी काय ऐकून घेतात का. बाहेर मैदानात असेल तर दहानंतर लाऊडस्पीकरवर बंदी आहे, दहाला बंद म्हणजे बंदच.

मी तुमच्या जागी असतो तर लेकीबरोबर स्वतः गेलो असतो, जमलं तर सासूबाईंना पण घेऊन. पहिल्या गाण्याला त्यांना बाहेर अंगणात बसवा, आवाज कमी झाला की आत आणा. चर्चच्या बायकांनी चहा ठेवलेला असतो शेवटी, आणि आमच्याकडे तरी कंदी पेढा असतोच.