‘ओळखता आलं नाही’ हेही लिहू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी निवड झाली हे ऐकून फार आनंद झाला. वर्षभराची शिकाऊ उमेदवारी, मानधन बेताचं, पण कोकणातली पंधरा-वीस गावं पायाखालून जातील. कामाच्या पत्रात एवढंच लिहिलंय की गावोगावच्या स्वयंसेवकांना पक्षी, फुलपाखरं, झाडं, बेडूक यांच्या नोंदी करायला मदत करायची. परवा फोनवर तू म्हणालीस, “ताई, मलाच निम्मे पक्षी ओळखता येत नाहीत, मी लोकांना काय शिकवणार?” तेव्हा मी गडबडीत होते, ‘होईल गं सगळं’ म्हणून फोन ठेवला. ते उत्तर मलाच पटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

ओळखणं तू शिकशील. दोन पावसाळे आणि एक हिवाळा गेला की कानही तयार होतो. पण तुझं मुख्य काम दुसरंच आहे. माणसानं जेवढं पाहिलं तेवढंच कागदावर उतरावं, पदरचं काही मिसळू नये आणि पाहिलेलं काही गळू नये, हे तुला सांभाळायचंय. आणि ते तू त्या माणसाशी कशी वागतेस यावर ठरतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत एका झाडानं दिली.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वाडीत देवळाच्या सभामंडपात रात्री बैठक होती. मी मुंबईहून आलेली, हातात पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. एक वयस्क गुराखी उठून म्हणाले, “देवराईत गरुडानं मादीला ढोलीत कोंडून घातलंय, रोज फळं भरवतो.” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, गरुड ढोलीत राहत नाही आणि फळंही खात नाही.” मंडळी हसली. ते खाली बसले आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

कोकणात बऱ्याच ठिकाणी धनेशालाच, म्हणजे हॉर्नबिललाच, गरुड म्हणतात. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, नुसती एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला उंबराची, वडाची फळं भरवतो. काकांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. मी नावावर अडले आणि घरटं हातचं घालवलं. दोन वर्षांनी त्यांच्या पुतण्याकडून सगळं कळलं, तोवर ते झाड पडलेलं होतं. वेळेत नोंद झाली असती तर झाड वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण वाचवायला जाण्यापुरतं तरी कुणाला माहीत असतं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” भारद्वाजच बघ. कुणी कुकुडकोंबा म्हणेल, कुणी कुंभारकावळा, कुणी सोनकावळा. वहीत आधी त्यांचं नाव लिही, मग पुस्तकातलं. आणि चूक दुरुस्त करायची वेळ आली तर चारचौघांत कधीही करू नकोस. पाणंदीनं परत येताना, दोघंच असताना बोल.

चुकीची नोंद खोडसाळपणानं फार क्वचित होते. बहुतेक वेळा माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते, म्हणून होते. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते, जगभर चालते, आपल्याकडेही २०१३ पासून होते आहे. एका शाळेतल्या सातवीच्या मुलानं यादीत ‘तिबोटी खंड्या’ लिहिला होता. तिबोटी खंड्या कोकणात पावसाबरोबर येतो, घरटं करतो आणि पाऊस सरला की जातो. फेब्रुवारीत तो दिसणं म्हणजे जवळजवळ अशक्यच. मी त्याला तळ्यावर घेऊन गेले, म्हटलं, कुठं बसला होता ते दाखव. त्यानं काठावरची वाकलेली फांदी दाखवली. पाठ निळी, पोट तांबूस, चोच काळी, पाण्यात सूर मारला, मासा घेऊन परत त्याच फांदीवर. किती नेमकं पाहिलं होतं पोरानं! तो साधा छोटा खंड्या होता. “मग हे नाव का लिहिलंस?” विचारल्यावर बराच वेळ पायानं माती उकरत राहिला, मग म्हणाला, “जास्त जातींना बक्षीस होतं.”

बक्षीस कुणी ठेवलं होतं ते जाऊ दे. तू मात्र जातींच्या संख्येवर स्पर्धा कधीच ठेवू नकोस. ठेवायचंच असेल तर सगळ्यात नियमितपणे वही लिहिणाऱ्याचं कौतुक कर.

त्या मुलाला मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली होती, ती तुलाही सांगते. तुला ती दर बैठकीत उपयोगी पडेल. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ॲलन ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकानं १८७३ मध्ये शास्त्राच्या दफ्तरी आणला. पुढे खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसननं शहादा-तळोद्याकडून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीची नोंदच नाही. नंतरची म्हणून एकच सांगितली जायची: रिचर्ड माइनर्ट्सहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं गुजरातेतल्या मांडवी इथून १९१४ मध्ये मिळवल्याचा दावा केलेला नमुना. मोठा माणूस, मोठं नाव, कुणी शंका घेतली नाही. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातले जुने नमुने बारकाईनं तपासले तेव्हा उघड झालं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. त्या एका खोट्या चिठ्ठीपायी नंतरचे शोध भलत्या ठिकाणी भरकटले. रासमुसेन खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. डेव्हिडसननं प्रामाणिकपणे लिहिलेलं गाव आणि तारीख एवढ्या वर्षांनी कामाला आली.

म्हणून तुझ्या वहीत ‘ओळखता आलं नाही’ याला मानाची जागा ठेव. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी भरताना शेवटी जो प्रश्न येतो तो नीट वाच: तुम्हाला ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही यादी आहे का, असं तो विचारतो. दिसलेल्या सगळ्यांची म्हणत नाही. ‘वटवट्या, कुठला ते माहीत नाही’ असंही तिथं लिहिता येतं. आयनॅचरलिस्ट हे सगळ्याच सजीवांच्या नोंदींचं ॲप, त्यावर फोटो टाकला की ॲप लगेच नाव सुचवतं, लोक भराभर पहिल्या नावावर बोट ठेवतात. त्यांना सांग, नेमकी प्रजाती न सांगता तिच्या वरच्या गटापर्यंत, वंशापर्यंत, थांबलं तरी चालतं. झुडपी बेडकांत कित्येक प्रजाती नुसत्या फोटोवरून सांगताच येत नाहीत, आवाज लागतो. फोनवर अर्धा मिनिट आवाज टिपायला शिकवलंस तर तो फोटोपेक्षा मोलाचा ठरेल. आणि एक बारीकशी गोष्ट: व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आपली वेळ आणि जागा गमावून येतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, नाहीतर खाली तारीख आणि वाडीचं नाव लिहायला सांग. कधी, कुठं, किती, कुणी पाहिलं. हे चार नसतील तर तो फोटो नुसता छान फोटो.

घाई हा दुसरा शत्रू. लोक जैवविविधता नोंदवहीबद्दल, गावातल्या सजीवांची आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची जी वही करतात तिच्याबद्दल, तू वाचलं असशीलच. १९९० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून अशा वह्या करायला सुरुवात केली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं त्यांना पाया दिला: गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिनं लोकांशी बोलून वही तयार करावी. वर्षं गेली, काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, चुकणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, आणि देशभर एकच धावपळ उडाली. त्या धावपळीतली एका गावाची वही मी पाहिली आहे. शेजारच्या गावाची वही शेजारी ठेवली तर दोन्ही एकसारख्या, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पहिल्या पावसात शेतात चढणाऱ्या वळगणीच्या माशांचं नावही नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी कधी आणि कुठल्या उतरणीवर आधी उगवतात हे त्या गावातल्या बायकांना तोंडपाठ आहे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तुझ्या गावांपैकी एखाद्या समितीनं वही पुन्हा लिहायला घेतली तर वाटेल तितके दिवस दे. वर्षभरात एकाच वाडीची खरी झाली तरी चालेल.

बायका बैठकीला येत नाहीत अशी तक्रार तुझ्या कानावर येईल. संध्याकाळी सहाला बैठक ठेवली तर त्या कशा येणार? चूल असते, पाणी असतं. त्यांच्याबरोबर भाजी खुडायला जा, तीच बैठक. भातलावणीत कुणालाही बोलावू नकोस, त्यापेक्षा लावणीला हात लाव. गणपती आणि शिमग्याला मात्र जरूर जा, कारण चाकरमानी घरी आलेले असतात आणि लहानपणी इथं काय दिसायचं ते सांगणारी माणसं तेव्हाच एका ओटीवर भेटतात.

आता एका काकांबद्दल सांगते. निवृत्त पोस्टमन, गुडघ्यानं अधू. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून पंधरा मिनिटं बसायचे आणि वहीत लिहायचे: कावळे ६, चिमण्या ११, साळुंक्या ४, बुलबुल २. वही माझ्या हातात देताना दरवेळी म्हणायचे, “काही विशेष नाही हो.” मी त्यांना सांगायची, विशेष हेच आहे. ‘चिमण्या संपल्या’ अशी ओरड किती वर्षं चालू होती. २०२० मध्ये देशभरातल्या पक्ष्यांचा अहवाल आला, त्यात दिसलं की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या, पण देशभराचा विचार करता त्यांची संख्या पंचवीस वर्षांत साधारण टिकून आहे. हे कशावरून कळलं? अशाच ‘काही विशेष नाही’ नोंदींवरून. २०२३ च्या अहवालात तर ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी वापरून ९४२ प्रजातींची स्थिती तपासली. त्यात त्या काकांची खुर्ची आहे. अहवालाची छापील पानं घेऊन मी त्यांच्या अंगणात गेले होते. चष्मा पुसून पुसून त्यांनी चिमणीचं पान वाचलं, मग वही उघडून त्या दिवशीच्या चिमण्या पुन्हा मोजल्या. तेरा.

काही नोंदी मात्र जगाला दाखवायच्या नसतात. खवले मांजर दिसलं, शिकारी पक्ष्याचं घरटं सापडलं, एखादी दुर्मीळ ऑर्किड फुलली, तर जागा गटावर टाकू देऊ नकोस. धोक्यातल्या कित्येक प्रजातींचं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, पण व्हॉट्सॲप करत नाही. खवले मांजराची तस्करी आपल्या जिल्ह्यांतही होते. ज्यानं पाहिलं त्याला एकट्याला फोन कर, शाबासकी दे आणि असं का गप्प राहायचं ते समजावून सांग. कारण कळलं की माणसं गुपित नीट राखतात, हा माझा अनुभव आहे.

आणि उत्तर दे. कुणी काही पाठवलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. ‘बघते’ म्हणून ठेवून देऊ नकोस. तुला येत नसेल तर तसं सांग, कुणाला विचारणार आहेस तेही सांग. तू स्वतः ‘मला ओळखता आलं नाही’ म्हणालीस की समोरच्यालाही ते म्हणायला सोपं जातं. पोस्टमन काकांची वही मी शेवटच्या दोन वर्षांत वेळेवर पाहिली नाही. त्यांच्या पश्चात चाळली तेव्हा एका पानावर पेन्सिलीनं प्रश्न होता, मला उद्देशून.

सोमवारी रुजू झालीस की आधी खालच्या वाडीतल्या आजींकडे जा. विहिरीजवळचं कौलारू घर, दारात बकुळ. गेल्या भाद्रपदात त्यांनी नातवाच्या फोनवरून एका पतंगाचा फोटो पाठवलाय, भिंतीवर बसलेला, शेजारी मापाला आगपेटी ठेवलेली. मापाला काहीतरी ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला तो ओळखता आला नाही, आणि तसं कळवायचंही राहून गेलं. फोटो तुला पाठवते आहे. मूळ फोटो नातवाच्या फोनवर असेल, तारखेसकट तो घे. नाव मिळो न मिळो, ते सांगायला मात्र परत जा.

तुझी,
ताई