हौशी छायाचित्रकारांच्या गटात ‘छान’, ‘मस्त’च्या पलीकडचा अभिप्राय कसा मिळवायचा? आणि नवख्या माणसाने दुसऱ्याच्या फोटोवर काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात साठ-सत्तर फोटो गटात टाकले, त्यांवर ‘अप्रतिम’ आणि अंगठे आले. एकाने ‘आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) कमी हवा होता’ एवढंच लिहिलं. आणि पावसातल्या छत्र्यांच्या ज्या फोटोसाठी तुम्ही तासभर उभे होतात, त्यावर कुणी एक वाक्यही बोललं नाही. तुमचा प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. मी अकरा वर्षं हौसेने फोटो काढते, त्यातली सात वर्षं आम्ही नऊ जण दर आठवड्याला एकमेकांना एकेक फोटो दाखवतो. या सात वर्षांतून मला मिळालेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगते: फोटो आवडला की नाही, हे नंतर. आधी फोटोत काय दिसलं, कुठल्या क्रमाने दिसलं, ते सांगायचं. आणि समोरच्याकडूनही तेच मागायचं.

हे मला एका पिवळ्या बादलीने शिकवलं. भावाने पुतणीची सायकल मागून धरली होती आणि अचानक सोडून दिली, तो क्षण मला बरोबर मिळाला होता. तिला अजून ठाऊक नाही, तो मागे हात पसरून धावतोय. माझ्या दृष्टीने माझा तोवरचा सगळ्यात चांगला फोटो. सात जणांनी कौतुक केलं. आठवीने लिहिलं, ‘मला आधी उजव्या कडेची पिवळी बादली दिसली, मग मुलगी. मागे कुणी माणूस आहे हे तुम्ही सांगितल्यावर कळलं.’

मला राग आला होता. दोन दिवसांनी फोटो पुन्हा उघडला, आणि बादली खरोखरच तिथे होती, कडेला अर्धी कापलेली, अख्ख्या फ्रेममधला सगळ्यात भडक रंग. भावाचा गडद शर्ट मागच्या गडद कुंपणात मिसळून गेला होता. मला तो दिसत होता, कारण त्याच्या धावण्याचा आवाज अजून माझ्या कानात होता. तो आवाज फोटोत नव्हता. बादली क्रॉप करून काढता आली आणि सावलीतला भाग थोडा उजळल्यावर भाऊही जरासा वेगळा दिसला. पण खरा उपाय फोटो काढतानाच हवा होता: दोन पावलं डावीकडे सरकून त्याच्या मागे उजेड आणायचा. आता बटण दाबण्याआधी माझी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरतेच. शंभर ‘अप्रतिम’नी ही सवय लागली नसती.

फोटो काढणाऱ्याला तो क्षण आठवत असतो, पाहणाऱ्यापुढे फक्त चौकट असते. म्हणून परकी नजर लागते. ती नजर कुठे ओढली जाते, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. आजूबाजूपेक्षा उजळ असलेली जागा, भडक रंग, माणसाचा चेहरा, विशेषतः डोळे, आणि अक्षरं. मागच्या पाटीवर काही लिहिलेलं असेल तर पाहणारा ते वाचणारच, तुमचा विषय दुसराच काही असला तरी. स्वतःच्या फोटोकडे परक्याच्या नजरेने बघायचं असेल तर तो आडवा फिरवून आरशासारखा उलटा करा, किंवा नखाएवढा लहान करून बघा. लहान केल्यावर विषय कळला नाही, तर मोठा करूनही तो पटकन कळत नाही.

आता अभिप्राय मागण्याचं. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येणार, त्यात उत्तर देणाऱ्याची चूक नाही. शीर्षक न देता, गोष्ट न सांगता फोटो टाका आणि विचारा, ‘आधी काय दिसलं? मग नजर कुठे गेली? काही अडलं का?’ तुमच्या मनात काय होतं ते सगळ्यांची उत्तरं आल्यावरच सांगा. आधी सांगितलंत तर लोक तुमचं वाक्य पाहतात, फोटो पाहत नाहीत.

ब्रिटनमधल्या हौशी मंडळींची एक जुनी पद्धत मला फार आवडते. सभासदांचे प्रिंट एका पेटीत घालून ती पेटी टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची. पेटी आली की इतरांचे प्रिंट बघायचे, प्रत्येकावर आपलं मत लिहायचं, आपला जुना प्रिंट सगळ्यांच्या शेऱ्यांसह काढून घ्यायचा, नवा ठेवायचा आणि पेटी पुढे पाठवायची. प्रिंट हातात घेऊन निवांत बघायला वेळ मिळायचा. आमच्या गटाने यातूनच एक नियम घेतला: फोटो आल्यापासून एक रात्र जाऊ द्यायची, मग लिहायचं. त्या दिवसापासून अभिप्रायांची लांबी आणि खोली दोन्ही वाढली.

‘आयएसओ कमी हवा होता’ हे वाक्य वाईट नाही, अपुरं आहे. आधी फोटोतला दोष दाखवायला हवा, मग त्याचं कारण. समजा फोटो हलला आहे. सगळंच एका दिशेने सारखं ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. मग शटर थोडं वेगवान करायचं, कोपर अंगाला टेकवायचं, लेन्समधलं हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन चालू करायचं. मागची भिंत लख्ख आणि धावणारं मूल तेवढं पुसट असेल तर हलला तो विषय. तिथे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागेल; त्यात उजेड कमी येतो, म्हणून आयएसओ वाढवावाच लागेल. त्या गृहस्थांनी कमी करायला सांगितला होता, तुमच्या फोटोला कदाचित जास्त हवा असेल. पाऊस, संध्याकाळचा उजेड आणि चालणारी माणसं अशा वेळी आयएसओ वाढवल्याने येणारे थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, परवडतात, गेलेला क्षण परवडत नाही. चेहरा पुसट असेल आणि कान लख्ख दिसत असेल, तर तो तिसराच दोष: फोकस चुकला.

फोटो अंधारा आहे, रंग मेले आहेत, असं कुणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद आणि उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख. पडद्याचा उजेड प्रत्येकाचा वेगळा असतो आणि हिस्टोग्राम त्यावर अवलंबून नसतो. फाइल एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या रंगपद्धतीत काढली आहे ना, तेही तपासा. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो काही ॲपमध्ये फिका दिसतो. आणि मेसेजिंग ॲप फोटो दाबून लहान करतात, त्यामुळे धारदारपणावर वाद घालण्याआधी तो फाइल म्हणून पाठवा. आमच्याकडे एक अख्खा आठवडा अशा वादात गेला आहे.

तज्ज्ञांचं मतही शेवटी एका माणसाचं मत असतं. १८८७ साली लंडनच्या एका हौशी छायाचित्रकारांच्या नियतकालिकाने स्पर्धा घेतली आणि परीक्षक असलेले छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन यांनी पहिलं बक्षीस दिलं बर्लिनमध्ये शिकणाऱ्या तेवीस वर्षांच्या एका मुलाला. तो अल्फ्रेड स्टिगलिट्झ, पुढे जगप्रसिद्ध झालेला अमेरिकन छायाचित्रकार. त्याला मिळालेली ती पहिली मोठी दाद. हेच इमर्सन १८८९मध्ये ठामपणे सांगत होते की डोळ्याला जसं दिसतं तसंच छायाचित्र हवं, मुख्य विषय स्पष्ट आणि बाकीचं किंचित मऊ. दोनेक वर्षांतच त्यांनी ती सगळी भूमिका जाहीरपणे मागे घेतली. म्हणून कुणी ‘हे असंच हवं’ म्हटलं तर ऐका, पण त्यांचे स्वतःचे फोटोही बघा. त्यांची आवड कळली की त्यांच्या वाक्याचं वजन कळतं.

नवख्याने काय बोलावं? तुमच्याजवळ जे आहे तेच. तुम्हाला ॲपर्चरचे आकडे येत नसतील, पण तुमची नजर कुठे गेली हे तुमच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. ‘मला आधी आकाश दिसलं, म्हातारबाबा खूप उशिरा दिसले’ हे वाक्य पूर्ण अभिप्राय आहे. लगेच उपाय सुचवायची गरज नाही. फोटो काढणाऱ्याला स्वतः वाट शोधू द्या. दुसऱ्यांच्या फोटोंवर असं लिहीत राहिल्यावर माझे स्वतःचे फोटो जितके सुधारले, तितके शेरे मिळवून सुधारले नाहीत.

एक गोष्ट मात्र जपा. एका मैत्रिणीने खाटेच्या कठड्यावर ठेवलेल्या हाताचा फोटो टाकला होता. मी दाण्यांबद्दल आणि तिरक्या कठड्याबद्दल लिहिलं. तो तिच्या वडिलांचा हात होता, शेवटच्या आठवड्यातला. ती फक्त ‘हो’ म्हणाली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून आम्ही फोटोबरोबर दोनांपैकी एक लिहितो: ‘सांगा’ किंवा ‘फक्त बघा’.

तुमचा छत्र्यांचा फोटो पुन्हा टाका, या वेळी शीर्षकाशिवाय. सगळ्या गटाला विचारू नका. ज्यांचे फोटो तुम्हाला आवडतात असे तीन जण निवडा, आधी त्यांच्या एकेका फोटोवर चार ओळी लिहा, आणि मग त्यांना विचारा: ‘तुम्हाला आधी कुठली छत्री दिसली?’ तिघांनी तीन वेगळ्या छत्र्या सांगितल्या तर पुढच्या पावसात कुठे उभं राहायचं ते तुम्हाला कळेल.