उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यामुळे व्यावसायिक ग्राहकांचे गॅस बिल वाढते का?

प्रदूषणाचे नियम कडक झाल्याने कारखान्यांचे आणि हॉटेलांचे गॅस बिल वाढते का आणि वाढत असल्यास किती, असे आपण विचारले आहे. भारतात गॅसच्या बिलावर उत्सर्जनाचा म्हणून वेगळा आकार नसतो. ब्रिटनमध्ये तो 2001 पासून ‘क्लायमेट चेंज लेव्ही’ या नावाने व्यावसायिक बिलात येतो. जर्मनीत 2021 पासून इंधनातील कार्बनवर आकार असून 2025 मध्ये तो टनामागे 55 युरो होता. एक घनमीटर गॅस जाळल्यावर साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हे धरले तर तो घनमीटरला सुमारे 11 सेंट पडतो. आपल्याकडील 2023 ची कार्बन क्रेडिट योजना सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम अशा उद्योगांतील मोठ्या कारखान्यांसाठी आहे. तरीही ‘प्रदूषण मंडळाने आपले बिल वाढवले’ हे वाक्य मी आमच्याच घरात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमचा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे धातूचे भाग भट्टीत तापवून मजबूत करण्याचा, व्यवसाय आहे. हिंगणा एमआयडीसीतील युनिट एलपीजीवर चालते, तर चाकणचे युनिट भाऊजी पाहतात आणि तेथील भट्ट्या पूर्वी फर्नेस ऑइल या जड तेलावर होत्या. कन्सेंटच्या (कारखाना चालवण्यासाठी प्रदूषण मंडळाकडून घ्यावी लागणारी परवानगी) नूतनीकरणाच्या वेळी स्वच्छ इंधनाचा मुद्दा निघाला, तेव्हा भाऊजींनी पाइप गॅसचा करार केला. ते 2021 साल होते. करारातील दर ब्रेंट क्रूडशी, म्हणजे कच्च्या तेलाच्या जागतिक भावाशी, आणि डॉलरशी जोडलेला होता, आणि ठरलेल्या दैनिक प्रमाणाच्या 80 टक्के गॅस उचलला नाही तरी त्याचे पैसे भरावे लागतील, असे ‘किमान उचल’ नावाचे कलम त्यात होते. नागपूरच्या कार्यालयात हिशेब मी पाहतो. करारावर सही होण्यापूर्वी हे कलम मी दाखवले होते आणि ‘तुम्हाला तिकडची परिस्थिती कळत नाही’ असे उत्तर मला मिळाले होते.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, कच्चे तेल महागले आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला 74-75 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरपर्यंत 82 च्या पुढे गेला. याच काळात, 1 एप्रिल 2022 पासून, महाराष्ट्र सरकारने नैसर्गिक वायूवरील व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला होता. कर साडेदहा टक्क्यांनी उतरला आणि बिल मात्र चढले. आता यात प्रदूषण मंडळाचा हात कोठे दिसतो, हे भाऊजींनी मला आजवर दाखवलेले नाही. त्यातच ऑर्डरी कमी झाल्याने दोन भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या आणि न जाळलेल्या गॅसचेही पैसे भरावे लागले. देशातील स्वस्त गॅस आधी घरगुती वापराला आणि सीएनजीला दिला जातो, त्यामुळे उद्योगांच्या वाट्याला मुख्यतः आयात केलेला महाग गॅस येतो. हे धोरण वाटपाचे आहे, त्याचा उत्सर्जनाशी संबंध नाही.

नियमांचा परिणाम होतो, पण तो आडवाटेने. गुजरातमधील मोरबीचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये तेथील सिरॅमिक कारखान्यांचे कोल गॅसिफायर (कोळशापासून गॅस तयार करणारी संयंत्रे) बंद करायला लावले आणि ते कारखाने नैसर्गिक वायूवर गेले. 2022 मध्ये तो महागल्यावर त्यांतील अनेकांनी प्रोपेन हा एलपीजीसारखा टाकीतून येणारा गॅस धरला. म्हणजे मनाई घाणेरड्या इंधनाला होती. कोणते स्वच्छ इंधन घ्यायचे आणि ते कोणत्या कलमांवर घ्यायचे, हे मालकाने ठरवायचे होते. आमच्याकडेही प्रोपेनचा पर्याय होता आणि भाऊजींनी त्याचे साधे कोटेशनही मागवले नाही.

आणखी एक छुपा खर्च बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फर्नेस ऑइल, प्रोपेन आणि व्यावसायिक एलपीजी जीएसटीत आहेत, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळते. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर असल्याने त्यावरचा व्हॅट थेट खर्चात जातो. त्यामुळे फर्नेस ऑइल सोडून पाइप गॅसवर येताना केवळ उष्मांकामागचा (इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेमागचा) दर पाहणे अपुरे आहे. मिळणारी वजावट किमतीतून वजा करून तुलना करावी, आणि बिलात धरलेला उष्मांकही तपासावा.

लहान उद्योगाला नियम सर्वात आधी लागतात, ही भाऊजींची तक्रार मात्र मला मान्य आहे. औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये आली, मुदत दोन वर्षांची होती आणि ती पुनःपुन्हा वाढत गेली. कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या पाहत राहणाऱ्या नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. पण त्या अन्यायाचा आमच्या करारातील 80 टक्क्यांच्या कलमाशी काही संबंध नाही.

हे सर्व महाराष्ट्रापुरते धरावे. दिल्ली परिसरात मंजूर इंधनांची यादीच ठरलेली आहे आणि 1 जानेवारी 2023 पासून उद्योगांत कोळसा वापरण्यावर बंदी आहे, त्यामुळे तेथे नियमांचा भार अधिक थेट पडतो. आपले हॉटेल असेल तर किमान उचल सहसा लहान असते आणि वरील चिंता बरीच कमी होते. कारखाना असेल तर सही करण्यापूर्वी गेल्या वर्षातील सर्वात मंद महिन्याचा इंधन वापर काढावा आणि किमान उचल त्याहून अधिक मान्य करू नये, घरातील कोणी कितीही आग्रह धरला तरी.