पुस्तकांच्या दुकानाचे गिफ्ट कार्ड भेट द्यायचे आहे. त्यासाठी शुभेच्छापत्र आणि पाकीट हाताने कसे करावे?

आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत आहेत, सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी पुस्तकांच्या दुकानाचे गिफ्ट कार्ड घेतले आहे, परंतु ते प्लॅस्टिकचे कार्ड नुसते हातात ठेवणे रुक्ष वाटते. तेव्हा शुभेच्छापत्र आणि पाकीट घरी कसे करावे व पुण्यात त्याचे साहित्य कोठे मिळेल, असे आपण विचारले आहे. मी सदाशिव पेठेत राहते आणि लग्नसराईत व दिवाळीत नात्यागोत्यातल्या मंडळींसाठी अशी पत्रे व पाकिटे करून देत असते, म्हणून जे हाताखालून गेले आहे तेवढेच येथे सांगते.

बहुतेक जण आधी देखणा कागद आणतात, मग मुखपृष्ठ सजवत बसतात आणि गिफ्ट कार्ड नेमके कोठे ठेवायचे याचा विचार अगदी शेवटी करतात. हे काम आतून बाहेर करत जावे, असे माझे ठाम मत आहे. आधी कार्ड मोजावे, त्याच्या मापाचा खिसा ठरवावा, खिसा बसेल असे पत्र करावे आणि पत्र तयार झाल्यावर त्याच्या अंगाने पाकीट कापावे. बहुतेक गिफ्ट कार्डे एटीएम कार्डाच्या मापाची, म्हणजे ८५.६ मिलिमीटर लांब, सुमारे ५४ मिलिमीटर रुंद आणि ०.७६ मिलिमीटर जाड असतात. ही जाडी किरकोळ वाटली, तरी पत्राचे दोन थर आणि खिशाचा कागद मिळून पाकिटात चांगला फुगवटा येतो, आणि पत्राच्या बरोबर मापाचे केलेले पाकीट नेमके कोपऱ्यांत फाटते.

ए-फोर आकाराच्या दोन कागदांत पत्र, खिसा आणि पाकीट एवढे काम बसते. त्यांतला एक जाड, २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) घ्यावा, आणि दुसरा पातळ, १०० ते १२० जीएसएमचा. जाड कागद आडवा निम्मा कापला की ए-फाइव्हचे दोन तुकडे मिळतात. त्यातला एक मधोमध घडी घालून पुस्तकासारखा उघडेल असा केला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते, आणि दुसरा तुकडा बिघडल्यास हाताशी राहतो. पातळ कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस कापून घ्यावा, तो पाकिटासाठी. उरलेली पट्टी ८७ मिलिमीटर रुंद असते, आणि ती फेकून देऊ नये, कारण खिसा तिच्यातूनच निघतो. पट्टीचा ७५ मिलिमीटर उंचीचा तुकडा घ्यावा, दोन्ही बाजूंना १५-१५ मिलिमीटर आणि खाली १५ मिलिमीटर मागे दुमडावे, खालचे दोन कोपरे तिरपे कापावेत. मध्ये ५७ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर उंच असा खिसा राहतो. दुमडलेल्या कडांनाच तेवढा डिंक लावून तो पत्राच्या आत, शेवटच्या पानावर चिकटवावा. गिफ्ट कार्ड त्यात उभे सहज सरकते आणि वरून बोटाने धरता येईल इतके बाहेर राहते. खिशाच्या वरच्या कडेला मधोमध अंगठ्याएवढा अर्धगोल कापला, तर कार्ड काढणे आणखी सोपे जाते. वयस्कर माणसांसाठी मी तो आवर्जून कापते.

घडीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण घरी केलेले पत्र कच्चे दिसते ते बहुधा घडीमुळेच. कारखान्यात तयार झालेल्या कागदातले तंतू एका दिशेला झुकलेले असतात. छापखान्यातली माणसे त्याला ग्रेन म्हणतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ व गुळगुळीत पडते आणि आडवी घातली तर जाड कागदाची कड तडकते. कागद हातात धरून आधी एका बाजूने व मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, ती घडीची बाजू. दुकानात तयार मिळणाऱ्या ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेने असतो आणि वर सांगितल्याप्रमाणे कापल्यास घडी आपोआप त्याच दिशेला येते, परंतु मोठ्या शीटमधून कापून घेतलेल्या कागदाची खात्री करून घ्यावी. नंतर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांवर कागद ठेवून, स्टीलच्या पट्टीच्या आधाराने, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून काढावी. दाबलेली खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला आणि पाठीमागे उमटलेला उंचवटा आतल्या अंगाला येईल अशी घडी घालावी. घडी नखाने घासू नये, नखाची चकाकी कागदावर कायम राहते. वर साधा कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबावी.

आता सह्यांचा प्रश्न. शाळेतला सगळा शिक्षकवर्ग सही करणार असेल, तर त्या थेट जाड पत्रावर घेऊ नयेत, कारण एकाच्या हातून शाई फराटली की सगळे पत्र वाया जाते. पातळ पांढऱ्या कागदाचा एक तुकडा पत्राहून चारही बाजूंनी किंचित लहान कापून, मधोमध दुमडून, आतले पान म्हणून घालावा. सह्या आधी त्याच्यावर घ्याव्यात आणि मगच तो पत्रात शिवावा. घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत, एक मध्ये आणि दोन कडांपासून अडीच-तीन सेंटिमीटरवर. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत आणावी, तेथून थेट खालच्या भोकातून बाहेर न्यावी, पुन्हा मधल्या भोकातून आत आणावी आणि लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोके ठेवून गाठ मारावी. रंगीत जाड सुती दोरा वापरला तर बाहेरून पत्राच्या पाठीवर तो फार सुंदर दिसतो.

या आतल्या पानाचा आणखी एक उपयोग होतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पत्र उघडताच आधी मजकूर दिसतो, पान उलटले की सह्या दिसतात आणि सगळ्यांत शेवटी खिशातले कार्ड हाती लागते. गिफ्ट कार्ड म्हणजे शेवटी पैसेच. ते कोणी, कशासाठी आणि काय मनात धरून दिले, हे सांगण्याची जबाबदारी पत्रावर असते, आणि म्हणून शब्द आधी यावेत व रक्कम मागून यावी. "आपणांस दीर्घायुष्य लाभो" एवढ्यावर थांबू नये. बाईंनी कोणत्या वर्गाला काय शिकवले, ग्रंथालयासाठी काय केले, कोणत्या अडचणीत त्या पाठीशी उभ्या राहिल्या, यांतली एखादी खरी गोष्ट दोन वाक्यांत लिहावी, आणि शेवटी या कार्डातून पहिले पुस्तक कोणते घेतले ते आम्हांला जरूर कळवावे, अशी विनंती करावी. त्या वयाने मोठ्या असल्यामुळे आरंभी "सा. न. वि. वि." लिहिणे शोभून दिसेल. मजकूर आधी रद्दी कागदावर लिहून ओळी मोजून घ्याव्यात, पानावर पेन्सिलीने अगदी फिक्या रेघा आखाव्यात आणि शाई पूर्ण वाळल्यावर त्या खोडाव्यात.

सजावट मी मुद्दाम सपाट ठेवते. मोती, टिकल्या आणि जाड लेस लावलेले पत्र टेबलावर देखणे दिसते, पण पाकिटात गेले की त्याचे ठसे मजकुरावर उमटतात. त्याऐवजी ठिपक्यांची रांगोळी सुईने टोचून पाहावी. आलेखाच्या कागदावर ठिपके काढून तो पत्राच्या आतल्या बाजूला धरावा, पत्राखाली जुना माउस पॅड किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवावा आणि प्रत्येक ठिपक्यावर सुई सारख्याच जोराने दाबावी. मुखपृष्ठावर बारीक उंचवट्यांची रांगोळी उठते, बोटांना लागते आणि उजेडासमोर धरली की चमकते. हे काम पत्र शिवण्याच्या व खिसा लावण्याच्या आधी करावे. पाने-फुले हवी असतील तर बोगनवेलीच्या पाकळ्यांसारखे दुसरे काही नाही, कारण त्या मुळातच कागदी असतात आणि आठ-दहा दिवस जाड पुस्तकाखाली ठेवल्या की तयार होतात. जास्वंद आणि शेवंती यांच्या वाटेला जाऊ नये. एकीत पाणी फार आणि दुसरीचा मध्यभाग जाड. शिक्षिकेसाठी जाळीचे पिंपळपान फार समर्पक वाटेल, पण ते पाण्यात कुजवून वरचा गर मऊ ब्रशने काढायला काही आठवडे लागतात. आपल्याकडे तेवढा अवधी नसेल तर ते राहू द्यावे.

साहित्यासाठी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरावे. कार्डशीट, टिंटेड कागद, कटर, स्टीलची पट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप हे सगळे तेथे मिळते. दोरे व फिती तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत घ्याव्यात. कागद मात्र खास घ्यायचा असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था गाठावी. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० मध्ये सुरू झालेली ही संस्था पुण्यातच असताना आपण परगावचा चकचकीत कागद का विकत घ्यावा, हे मला समजत नाही. कसबा पेठेतला कागदीपुरा तर कागद करणाऱ्यांच्या वस्तीवरूनच ओळखला जातो, इतका हा उद्योग या शहरात जुना आहे. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, त्यातले तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे वर सांगितलेला ग्रेनचा त्रास त्यात फारसा होत नाही आणि घडी तडकत नाही. फक्त काही हातकागदांवर शाई पसरते. विकत घेतानाच एका कोपऱ्यावर आपल्या पेनाने रेघ ओढून पाहण्याची परवानगी मागावी. त्याची न कापलेली झालरीसारखी कड मुखपृष्ठाच्या उघडणाऱ्या बाजूला ठेवावी, ती कापून सरळ करू नये.

आता पाकीट. २१ सेंटिमीटरचा चौरस कोपऱ्यावर उभा, शंकरपाळ्यासारखा ठेवावा, तयार पत्र मधोमध आडवे ठेवून त्याच्या चारही बाजूंना दोन-अडीच मिलिमीटर जागा सोडून पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि पत्र काढून घेऊन त्या रेघांवर घडीची खाच दाबावी. चार कोपऱ्यांत, जेथे रेघा एकमेकींना छेदतात तेथे, बाहेरच्या बाजूचा लहानसा त्रिकोण कापून टाकावा. आधी डावी-उजवी पाकळी आत दुमडावी, मग खालची पाकळी त्यांच्यावर आणून चिकटवावी. वरची पाकळी हे झाकण. खालच्या पाकळीचे टोक वर फार जाते, ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापून बोथट करावे. येथे फेव्हिकॉल सढळ हाताने लावला की पातळ कागद सुरकुततो. गोंदकांडी किंवा टेप बरी. हातकागदाला मात्र मैद्याची ताजी खळ उत्तम बसते. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असते आणि एका पाकिटासाठी त्याची काही गरज नाही. झाकण टाचण्यासाठी चुंबकाची बटणे मिळतात, ती अजिबात वापरू नयेत, कारण कार्डाच्या मागे काळी चुंबकीय पट्टी असेल तर तिच्यावरची नोंद पुसली जाऊ शकते. दोऱ्याचा एक वेढा आणि गाठ पुरेशी आहे.

गिफ्ट कार्डाविषयी दोन गोष्टी राहिल्या. त्याला डिंक किंवा टेप कोठेही लावू नये. मागच्या बाजूला खरवडायच्या पट्टीखाली पिन असतो आणि टेपबरोबर ती पट्टी निघून येते. दुकानाने प्लॅस्टिकचे कार्ड न देता ई-मेलवर कोड दिला असेल, तर तो ८५ बाय ५४ मिलिमीटरच्या जाड कागदावर छापून त्याच खिशात ठेवावा. दुसरे म्हणजे, बऱ्याच कार्डांवर रक्कम आणि मुदत छापलेली नसते. बँकेने दिलेल्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे किमान एक वर्षाची मुदत असते, त्याची कमाल रक्कम १०,००० रुपये असते आणि त्यातून रोख काढता येत नाही. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला मात्र दुकानाचे नियम लागू होतात. त्यामुळे रक्कम, शेवटची तारीख आणि ते कोणकोणत्या शाखांत चालते, हे एका छोट्या चिठ्ठीवर लिहून ती खिशात कार्डाच्या मागे ठेवावी. आहेराच्या पाकिटात घालतो तसा एक रुपया घालण्याची आपल्या शाळेत पद्धत असेल, तर नाणे सुटे ठेवू नये. खिशाशेजारी कागदाची अरुंद पट्टी चिकटवून तिच्याखाली सरकवावे. खरेदीची पावती पाकिटात न घालता आपल्यापैकी एकाने जपून ठेवावी, कारण कार्ड दुकानात चालले नाही तर तीच दाखवावी लागते, आणि त्या वेळी बाईंना धावपळ करावी लागू नये.