लॅपटॉपचा आवाज आपोआप कमी होतो, स्लायडर मात्र शंभरावरच दिसतो. विंडोज नव्याने टाकावे का?

आपण लिहिले आहे की मीटिंग सुरू झाली की, आणि कधीकधी मीटिंग नसतानाही, लॅपटॉपवर चाललेल्या गाण्याचा आवाज खाली जातो, कोपऱ्यातला स्लायडर जागचा हलत नाही, आणि दुकानदार विंडोज नव्याने टाकायला सांगतो. कृपया विंडोज नव्याने टाकू नका. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण नेमक्या याच प्रकारावरून आमच्या घरात माझ्या कानांवर संशय घेतला गेला होता.

कारण आधी सांगते. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून विंडोजमध्ये एक सोय आहे. संगणकावर कॉल सुरू झाल्याचे तिला कळले, की समोरच्याचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून ती बाकीच्या प्रोग्रामांचा आवाज ८० टक्क्यांनी खाली आणते आणि कॉल संपल्यावर तो पूर्ववत करते. मुख्य स्लायडरला ती हात लावत नाही, त्यामुळे स्लायडरकडे पाहून काहीच उलगडा होत नाही. ही सोय मुळातच चालू असते. विंडोज नव्याने टाकले तर ती पुन्हा ८० टक्क्यांवरच येऊन बसेल, म्हणजे दुकानदाराचा उपाय दोषाला होता तिथेच परत आणून ठेवेल.

ती बंद करण्यासाठी विंडोजचे बटण व आर ही कळ एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल ही अक्षरे सलग टाइप करा आणि एंटर दाबा. साउंडची जुनी खिडकी उघडेल. तिच्यातील 'कम्युनिकेशन्स' या शेवटच्या टॅबमध्ये चार पर्याय आहेत: बाकीचे सर्व आवाज बंद करणे, ८० टक्क्यांनी कमी करणे, ५० टक्क्यांनी कमी करणे आणि काहीही न करणे. शेवटचा, म्हणजे 'डू नथिंग', निवडून अप्लाय करा. एकाच लॅपटॉपवर घरातील दोघांची वेगवेगळी खाती असतील, तर प्रत्येक खात्यात हे स्वतंत्रपणे करावे लागते.

मी मिरजेत राहते आणि शास्त्रीय गायन शिकवते. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा वर्ग ऑनलाइन घेण्याखेरीज इलाज नव्हता. लॅपटॉपवर तानपुऱ्याचा प्रोग्राम लावायचा, झूमवर विद्यार्थिनींना बोलवायचे आणि स्वर लावायचा, असा क्रम ठरला. वर्गापूर्वी एकटी बसून गात असे तेव्हा तानपुरा खोलीभर भरून राहायचा. वर्ग सुरू झाला, की तोच तानपुरा कुणीतरी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवावा तसा दूर जायचा. मी स्लायडर पाहायची. तो शंभरावर असायचा. प्रोग्राममधला आवाज वाढवायची. तोही आधीच पूर्ण असायचा.

घरात हे बोलले तेव्हा माझे धाकटे दीर, जे संगणकाच्या क्षेत्रातच नोकरी करतात, म्हणाले, "वहिनी, वयाप्रमाणे ऐकणे थोडे कमी होतेच. तुम्ही एकदा कान दाखवून घ्या." त्यांनी हे काळजीपोटी म्हटले असेल, परंतु ज्या बाईचे सारे आयुष्य श्रुतींमधला बारीक फरक ऐकण्यात गेले, तिला असे सांगण्यापूर्वी त्यांनी माझ्या शेजारी बसून एक वर्ग तरी ऐकायला हवा होता. यजमानांनी त्यांचीच री ओढली. मग सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप दिला. तिथे स्पीकर खराब झाल्याचे सांगून ते बदलले गेले, त्याचे पैसे घेतले गेले, आणि पहिल्याच वर्गात तानपुरा पुन्हा दूर गेला. तेव्हा त्या दुकानदाराने विंडोज नव्याने टाकण्याचे सुचवले, आणि दिरांनी पुन्हा कानांचा विषय काढला.

माझा युक्तिवाद सरळ होता. माझ्या खोलीत आमच्या सतारमेकर गल्लीत घडवलेला खरा तानपुरा आहे. कान उणे झाले असते, तर त्याचाही नाद मला मंद यायला हवा होता. तो तर वर्ग चालू असतानाही तितकाच भरदार येत होता. दुसरे असे, की वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज हरवू लागतात. इथे तानपुऱ्याच्या पंचम, जोड आणि खर्ज या वरच्या-खालच्या साऱ्याच तारा एका मापाने खाली जात होत्या. आणि वयाने झालेला बदल झूम उघडल्यावर सुरू होऊन झूम मिटल्यावर संपत नाही. जे बिघडते ते नेहमी कॉलबरोबरच बिघडते, तर कॉल सुरू होताना संगणक काय करतो हे शोधायला हवे, एवढाच विचार मी केला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मदतीने साउंडच्या त्या खिडकीतील एकेक टॅब वाचत गेले आणि चौथ्या टॅबवर उत्तर लिहिलेलेच सापडले.

त्यानंतर मी दिरांना समोर बसवले. कॉल चालू ठेवून पर्याय ८० टक्क्यांवर ठेवला आणि तानपुरा ऐकवला. मग 'डू नथिंग' करून कॉल पुन्हा लावला आणि तोच तानपुरा त्याच जागेवरून ऐकवला. ते आता मानतात की सेटिंगमुळे असे होते, पण "असले सेटिंग कुणाला माहीत असते?" असेही म्हणतात. माझे म्हणणे असे, की माहीत नसणे हा अपराध नाही, परंतु माहीत नसताना समोरच्याच्या इंद्रियांवर निदान करणे हा अविचार आहे. तक्रार करणारी स्त्री चाळिशी ओलांडलेली असली की यंत्र आधी निर्दोष ठरते आणि बाई आधी सदोष ठरते. आपल्यालाही कुणी "तुम्हालाच तसे वाटते" असे म्हणत असेल, तर त्याला वरची चाचणी करून दाखवा.

आता मीटिंग नसताना आवाज का उतरतो, हा आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग. बहुतेक वेळा एखादा प्रोग्राम किंवा ब्राउझरचा टॅब मागे राहून मायक्रोफोन धरून बसलेला असतो, आणि विंडोजच्या लेखी कॉल अजून संपलेलाच नसतो. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये व ११ मध्ये मायक्रोफोन वापरात असला, की खाली घड्याळाजवळ त्याचे छोटे चिन्ह दिसते. ते दिसत असेल तर दोषी प्रोग्राम बंद करा. ते चिन्ह नसतानाही, विशेषतः एखादा मोठा आवाज झाल्यावर, आवाज दबत असेल, तर 'लाउडनेस इक्वलायझेशन' किंवा तत्सम एनहान्समेंट, म्हणजे आवाजात आपोआप फेरफार करणारी सोय, चालू असण्याची शक्यता आहे. ती मोठे आवाज दाबते आणि लहान आवाज उचलते. तबल्याची जोरदार थाप पडली की मागचा तानपुरा क्षणभर बसतो, तो तिच्यामुळे. संगीत ऐकणाऱ्याने ती बंदच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण संगीत शिकवत किंवा शिकत असाल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वरच्या उपायाने आपल्याला तानपुरा नीट ऐकू येईल, पण विद्यार्थ्याला येईलच असे नाही. झूममधील गोंगाट काढून टाकणारी यंत्रणा एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजते, आणि तानपुऱ्याचा अखंड नाद नेमका तसाच एकसारखा असतो, म्हणून ती त्याला पुसून टाकते. त्यासाठी झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करावे, आणि वर्ग सुरू झाल्यावर पडद्याच्या वरच्या बाजूला त्याचे बटण खरोखर चालू आहे का, तेही पाहावे.

जे कार्यालयीन मीटिंगसाठीच लॅपटॉप वापरतात, त्यांना ८० टक्क्यांची सोय उपयोगीही पडते. ती बंद करण्याचा माझा आग्रह त्यांच्यासाठी नाही. ब्लूटूथ हेडफोनची गोष्टही वेगळी आहे: त्याचा मायक्रोफोन वापरात आला, की तो बोलण्यापुरत्या हलक्या दर्जावर उतरतो आणि गाणे एकाएकी बोथट व बारीक वाटू लागते. त्यावर या टॅबचा काहीही परिणाम होणार नाही. हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवून लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडावा लागेल. आणि आपला स्लायडर स्वतःच खाली सरकताना दिसू लागला, तर मी लिहिलेले बहुतेक सारे बाजूला ठेवून आधी कीबोर्डवरची आवाज कमी करण्याची कळ अडकली आहे का ते पाहा, आणि यूएसबी हेडसेट किंवा वेगळा कीबोर्ड जोडलेला असल्यास तो काढून पुन्हा तपासा.