दारावरची पाटी

प्रिय पोरी,

तुझा निरोप रात्रपाळीहून आल्यावर ऐकला. चहा गार झाला आणि मी पुन्हा पहिल्यापासून ऐकला. "मावशी, सांगलीत मी आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे पेशंट बघत होते. इथं जर्मनीत सकाळी सहापासून म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसते. यासाठी आले का मी? परत जाऊ का?" शेवटचं वाक्य बोलताना तुझा आवाज फुटला, तो माझ्या कानात अजून आहे.

आधी कामाचं बोलू. आपल्याकडे पेशंटजवळ घरचं कुणीतरी रात्रंदिवस बसलेलं असतं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे ते करतात, नाहीतर वॉर्डातले मावशी-मामा करतात, आणि सिस्टरच्या हातात सलाईन-इंजेक्शनं असतात. जर्मनीत नातेवाईक भेटायला येतात आणि घरी जातात. त्यामुळे माणसाचं सगळं नर्सकडे, आणि इंजेक्शनातलं बरंचसं काम डॉक्टर स्वतः करतात. मलाही पहिले सहा महिने वाटायचं की आपल्याला खाली ढकललं. मग एका सकाळी एका बाईंचे पाय धुताना एक पोटरी दुसरीपेक्षा जाड आणि गरम लागली. मी धावत जाऊन सांगितलं. शिरेत गुठळी होती. मॉनिटरवर ते दिसलं नसतं. अंग पुसताना टाचेवरची लाली कळते, कूस वळवताना लागणारा दम कळतो, काल पूर्ण खाल्लेला पाव आज अर्धा का राहिला हे कळतं. तुझी आयसीयूची नजर घरी ठेवून जाऊ नकोस, तीच घेऊन आंघोळ घाल.

नर्स म्हणून इथली मान्यता मिळेपर्यंत तुझं नाव मदतनीस म्हणून लागतं आणि पगारही तेवढाच मिळतो. हे टोचतं, टोचलंच पाहिजे. म्हणून ते लांबवू नकोस. मान्यतेबद्दल तुला आलेल्या पत्रात दोन वाटा दिल्या असतील, वॉर्डावरचा जुळवणीचा अभ्यासक्रम किंवा ज्ञानाची परीक्षा. परीक्षा लवकर होते, हे खरं. पण तुझं बोलणं अजून अडखळतं, तेव्हा मी अभ्यासक्रमाच्या बाजूची आहे. वेगवेगळ्या वॉर्डांवर घालवलेले महिने जीभ सैल करतात.

आणि भाषेचं मनाला लावून घेऊ नकोस. तू पुण्यात बी-टू पातळीची परीक्षा झालीस ती पुस्तकी जर्मन. स्टुटगार्टचे आजोबा श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलतात. कितीतरी शब्दांच्या शेपटीला 'ले' लावतात, अर्धे स्वर गिळतात. कुणी परदेशी बाई पुस्तकी मराठी शिकून थेट मिरजेच्या बाजारात उभी राहिली तर तिचं काय होईल? तसंच हे. "परत सांगता का, हळू?" हे वाक्य न लाजता वापर. कळलं नसताना मान डोलावणं आपल्या कामात धोक्याचं आहे.

एक मात्र सांभाळ. मी प्रेमानं एका पेशंटबाईंना 'ओमा', म्हणजे आजी, म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बघून सांगितलं, "मी तुमची आजी नाही." त्या दिवशी मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. आपल्याकडे नातं लावणं म्हणजे मान देणं. इथं मान आडनावात असतो. आजारी, परावलंबी माणसाचं आडनाव तेवढं शाबूत राहिलेलं असतं, ते आपण काढून घ्यायचं नाही, हे मला फार उशिरा समजलं. सहकाऱ्यांना 'तू' म्हण, पेशंटला कायम 'तुम्ही'.

आता घराच्या आठवणीबद्दल. मला जे सांगायचंय ते खरं इथंच आहे.

मी 2009 मध्ये आले तेव्हा माझ्या दारावर एके दिवशी लाकडी पाटी लटकलेली दिसली. केअरवॉख. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची जबाबदारी तुमची. स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागातली ही शेकडो वर्षांची पद्धत आहे, आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर जाते. मला वाटलं जाहिरात आहे. रविवारी समोरच्या बाई दारात उभ्या. जिना झाडलेला नाही, आणि आठवडा तुमचा आहे. मला अपमान वाटला. आईला फोन करून सांगितलं, इथली माणसं दगड आहेत.

पुढच्या वेळी पाटी आली तेव्हा रागानंच झाडला. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, कठडा ओल्या फडक्यानं पुसून. मग हळूहळू कुठली पायरी वाजते ते कळलं, कुणाच्या दाराशी लहान मुलाचे बूट असतात ते कळलं. त्या इमारतीत 'मी राहते' असं पहिल्यांदा मला झाडू हातात असताना वाटलं. दोन वर्षांनी त्याच बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांचे आठवडेही मी केले, कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी माझ्या दाराशी वेणीचा गोड पाव ठेवला. तोवर मला कळून चुकलं होतं की त्यांनी तेव्हा मला पाहुणी समजून सोडून दिलं नव्हतं, बिऱ्हाडातली एक धरलं होतं.

तू म्हणतेस इथं कुणी आपलं नाही. खरंय, अजून नाही. पण माणसं मिळण्याची वाट बघत खोलीत बसू नकोस. आधी एखादं काम अंगावर घे. वॉर्डावर नव्यानं आलेल्या मुलीला औषधांचं कपाट दाखवायचं काम घे. चर्चच्या स्वयंपाकघरात महिन्यातून एकदा भांडी घास. मराठी मंडळाच्या गणपतीला नुसती आरतीला जाऊ नकोस, आदल्या रात्री सतरंज्या घालायला जा. ज्या जागी आपण न आल्यानं काही अडतं, ती जागा आपली होते.

सांगलीची आठवण जीवघेणी होते तीही ह्याच कारणानं. तुझं तिथलं काम सुटलंय. बाबांची गोळी कुणी दिली, लाईटबिल कुणी भरलं, तुझ्यावाचून सगळं चालतंय. फोनवर आई "आम्ही मजेत" म्हणते, तू "मी मजेत" म्हणतेस, आणि दोघी फोन ठेवून रडता. 2012 मध्ये माझ्या वडिलांच्या हृदयात स्टेंट घातला, ते मला तीन आठवड्यांनी कळलं. "तू लांब, उगाच कशाला काळजी." मी इतकी कधीच चिडले नव्हते. त्यानंतर घरी अट घातली: जे होईल ते त्याच दिवशी सांगायचं. आणि माझा वाटा मागून घेतला. वडिलांचे सगळे रिपोर्ट माझ्याकडे येणार, डॉक्टरांशी मी बोलणार. ते गेले तोपर्यंत ते काम माझं होतं. तूही असं एक काम मागून घे. पैसे पाठवतेस ते वेगळं.

फोनची वेळ ठरव. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. दुपारपाळी संपवून रात्री साडेनऊला फोन करशील तर आईचे पहाटेचे दोन. रात्रपाळीनंतर सातला कर, तिचे साडेअकरा, भाकरी थापत बोलेल. दिवसभर व्हिडिओ चालू ठेवून जेवू नकोस. मी ते वर्षभर केलं, आणि त्या वर्षातलं स्टुटगार्ट मला आठवतच नाही.

परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि विसरून जा. रात्री-अपरात्री निघता येईल एवढी खात्री असली की झोप लागते.

आणि परत जायचं का? गेलीस तर त्यात हार नाही, मी स्वतः तुला फ्रँकफर्टला सोडायला येईन. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठरवू नकोस. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, त्या अंधारात घेतलेला निर्णय तुझा नसतो, हवेचा असतो. सकाळपाळी करून आलीस की लगेच झोपू नकोस. उजेड आहे तोवर डोंगरातल्या पायऱ्या चढ, द्राक्षमळ्यांच्या कडेनं. मान्यता हातात येऊ दे. मे महिन्यात मला पुन्हा विचार.

या रविवारी तुझी सुट्टी आहे ना? वॉर्डावरून 'कुणाच्या तरी जागी कामाला ये' असा फोन आला तर 'नाही' म्हण, सुट्टीच्या दिवशी तो हक्क तुझा आहे. दुकानं बंद असतात म्हणून मी क्वार्क, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ चीज, शनिवारीच आणून फडक्यात टांगते, श्रीखंड करू. वेलदोडे संपलेत, तुझ्याकडे असतील तर आण. आणि दहापर्यंत ये, या आठवड्यात पाटी माझ्या दारावर आहे आणि माझे गुडघे धरलेत. शनिवारी मला वरचे दोन मजलेच जमतील, खालचा तुझ्यासाठी ठेवते. रविवारचा आवाज नको, म्हणून हळूच झाडू.

तुझी,
मावशी