ऋतुमेळावा सर्वांचा कसा व्हावा?

प्रश्न : आमच्या वसाहतीत मराठी कुटुंबांबरोबर माळवी, सिंधी, मुस्लिम व ख्रिस्ती शेजारीही राहतात. संक्रांतीचे आणि चैत्राचे हळदीकुंकू आम्ही दर वर्षी हौसेने करतो. पण विधवा भगिनी येत नाहीत, पुरुष बाहेरच थांबतात आणि इतर शेजाऱ्यांना बोलावताना संकोच वाटतो. ऋतुबदलाच्या निमित्ताने सर्वांनी शांतपणे एकत्र बसावे, असे मनात आहे. त्याचे स्वरूप कसे असावे?
— एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : हळदीकुंकू आटोपल्यावर ‘बाकीच्यांसाठी’ निराळी बैठक ठेवा, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो कृपया मानू नका, कारण ज्यांना आजवर वगळले त्यांना त्यात पुन्हा वेगळ्या पंगतीला बसवले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. आपल्याला ठरावाची गरज नाही. मात्र ज्या काकू वर्षानुवर्षे आल्या नाहीत त्यांच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण करा आणि तिळगूळ त्यांच्याच हातून वाटा.

मेळाव्याच्या केंद्रस्थानी मात्र सर्वांना सारखेच दिसेल असे काही असावे, आणि सूर्याइतके सर्वांचे दुसरे काय आहे? संक्रांत आपण 14 किंवा 15 जानेवारीला करतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरला. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश दिशा बदलत असल्याने, हे अंतर सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाने वाढत आले आहे. म्हणून पहिला मेळावा 22 डिसेंबरला घ्यावा. अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. इंदुरात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली त्या दिवशी काठीहून किंचित लांब भरेल, 21 मार्चला ती सुमारे 42 सेंटीमीटर राहील आणि 21 जूनला, कर्कवृत्त आपल्या अगदी जवळ असल्याने, जेमतेम एक-दीड सेंटीमीटर उरेल. मार्चमध्ये सावलीच्या टोकावर दर अर्ध्या तासाने मुलांना खडूने खूण करायला सांगा. त्या खुणा जवळजवळ सरळ रेषेत येतात. उज्जैनच्या वेधशाळेतील शंकुयंत्रावर, म्हणजे उभ्या काठीची सावली मोजण्याच्या साधनावर, हेच दिसते, तेव्हा जमल्यास सर्वांनी मिळून एकदा तिथेही जाऊन यावे. जूनमध्ये आभाळ भरून आले तर सावलीचा आग्रह सोडावा, पाऊस हाही ऋतूच आहे.

दुपारची खूण झाली की गोलाकार बसावे, वयोवृद्धांसाठी खुर्च्या ठेवाव्यात आणि पाच मिनिटे कोणीही बोलू नये. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने, मराठीत, हिंदीत किंवा माळवीत, सरलेल्या ऋतूत काय गमावले आणि काय लाभले ते थोडक्यात सांगावे. न बोलणाऱ्याला बोलते करण्याचा प्रयत्न करू नये, कारण नुकतेच दुःख झालेले माणूस नुसते येऊन बसले तरी ते फार असते. खाणे घरोघरचे असावे : थंडीत तिळाची वडी आणि भुट्ट्याचा कीस, चैत्रात पन्हे आणि कैरीची डाळ, आणि शेजारी आपल्या घरचे जे आणतील ते.

प्रमुख पाहुणे, सत्कार आणि भाषणे यांना मात्र ठाम नकार द्या. सूत्रसंचालन दर वेळी वेगळ्या घराकडे सोपवावे आणि दुसरा मेळावा तरी मराठी नसलेल्या कुटुंबाच्या अंगणात व्हावा.